पाटीवर काढलेलं शून्य

त्या गावात कुणी छातीठोकपणे काही सांगितलं आणि ते तोंडावर आपटलं, की लोक म्हणतात, ‘काढलं बघा शून्य!’ उमेदवार गल्लीगल्लीत सांगत फिरतो की मी दहा हजारांनी येणार, आणि स्वतःच्या गल्लीतही पडतो; त्यानं शून्य काढलं. बाप सांगत सुटतो की पोरगी डॉक्टर होणार म्हणजे होणार, आणि पोरगी दुसऱ्याच महिन्यात कॉलेज सोडून केकचं दुकान टाकते. बापानं शून्य काढलं. नुसतं चुकणं म्हणजे शून्य काढणं नव्हे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. चारचौघांत सांगायला हवं, आवाज चढवून सांगायला हवं, आणि जमलं तर एखादी शपथही घ्यायला हवी. एवढं सगळं करून जो उताणा पडतो, त्याचंच शून्य. आता तर हा शब्द शेजारच्या दोन-तीन गावांतही गेलाय आणि एकदा वर्तमानपत्राच्या मथळ्यातही आला होता.

ज्यानं पहिलं शून्य काढलं तो माणूस अजून जिवंत आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. एकदा तो बाजारातल्या सलूनमध्ये दाढीला बसला असताना न्हाव्यानंच त्याला त्याची गोष्ट ऐकवली. न्हावी नवा होता, त्याला गिऱ्हाईक कोण ते माहीत नव्हतं. म्हणाला, “कुणी एक भट्टीवाला होता म्हणे. म्हणाला, भट्टीत एक कप फुटला तर मला त्यातच घालून भाजा. फुटले की हो सगळे! मग त्यानं खरंच उडी घेतली.” भट्टीवाला गळ्यावर वस्तरा घेऊन गप्प बसून राहिला. मेलेल्या माणसानं काय बोलायचं?

कारखाना कपबश्यांचा. कच्चे कप मातीच्या गोल डब्यांत ठेवायचे, डब्यावर डबा रचून चळती उभ्या करायच्या, भट्टी चळतींनी ठासून भरली की तिचं दार विटांनी चिणायचं आणि वरून ओली माती लिंपायची. मग तीन दिवस जाळ, आणि चार दिवस निवणं. हे सगळं ज्याच्या नजरेखाली चालतं तो भट्टीवाला, म्हणजे मास्तर. तिथली एक जुनी पद्धत अशी, की जाळ लावण्याआधी मास्तरानं दाराशेजारच्या काळ्या पाटीवर खडूनं आकडा लिहायचा: या खेपेला किती नग फुटतील. त्या हिशेबानं पॅकिंगवाल्यांनी खोकी तयार ठेवायची. आठवड्यानं दार फोडलं की खरा आकडा त्याखाली लिहायचा. दोन्ही आकडे सगळ्यांना दिसतात, जाता-येता दिसतात, आणि पुढचा जाळ लागेपर्यंत पुसायचे नाहीत. मास्तर किती पाण्यात आहे ते कळायला दुसरं काही लागत नाही.

अकरा वर्षांपूर्वी या मास्तराचा हात असा बसला होता, की त्याचा आकडा चार-पाचच्या वर चुकत नसे. आणि माणसाचं असंच होतं, सारखं बरोबर आलं की डोक्यात वारं शिरतं. मोठ्या हॉटेलची ऑर्डर होती, चार हजार कप. मालक पाहुण्यांना घेऊन आले होते. मास्तरानं खडू उचलला, पाटीभर एक मोठं शून्य काढलं आणि वळून म्हणाला, “एक कप जरी फुटला ना, तर मला भट्टीत घालून भाजा.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्यानं त्याच पाहुण्यांसमोर दार फोडलं. आत एक डबा कच्चा निघाला होता, तो खचला, त्याची चळत शेजारच्या चळतीवर कलली, ती तिसरीवर, आणि कपांवरच्या चकाकीचा लेप वितळून त्यात सगळं एकमेकांना चिकटून बसलं होतं. चार हजार कपांचा एक ढीग. तेवढ्यात पॅकिंगचा कारकून पुढे झाला आणि फार अदबीनं म्हणाला, “मास्तर, खोकी किती आणू?”

बस, तिथून सुरू झालं.

कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याची जीभच तशी होती. स्वतःच्या लग्नातही त्यानं भटजींची थट्टा केली म्हणतात. पण मास्तरानं त्या दिवसापासून कानाला खडा लावला. ठाम असं काही बोलायचंच नाही. ‘जेवण कसं झालंय?’ असं बायकोनं विचारलं तरी ‘बरं असावं’ म्हणायचा. पाटीवरचे आकडे तो फुगवून लिहायला लागला, आणि पॅकिंगवाले कुरकुरत राहिले, कारण माल जास्त आणि खोकी कमी. मुलगी शाळेत असताना एकदा घरी येऊन म्हणाली, “आज बाई एका मुलाला म्हणाल्या, पहिला येणार म्हणतोस, शून्य काढू नकोस हं. सगळे हसले. मीपण हसले, बाबा.” ती पोर आता चोवीस वर्षांची झाली होती आणि दोन वर्षांपासून त्याच कारखान्यात चळती रचायला जात होती. अंगानं बारीक, म्हणून तिला सगळ्यात आत, घुमटाच्या ऐन खाली स्टुलावर उभं करायचे.

भट्टीच्या डोक्यावर विटांचा घुमट असतो. दर खेपेनंतर शिडी लावून मास्तरानं वर चढायचं आणि घुमट पाहायचा, हा नेम. त्या सोमवारी दोन नंबरची भट्टी रिकामी करायला घेतली होती आणि मास्तर वर चढला. विटा अजून ऊन होत्या, चपलेतून तळव्यांना कळत होत्या. भेगा होत्या, त्या असतातच, जाळ लागला की विटा फुगतात आणि निवल्या की आवळतात. पण धुराड्याच्या खालून एक नवी भेग निघाली होती. तिच्यात करंगळी गेली असती, आणि ती सरळ खाली न उतरता घुमटाभोवती वळत गेली होती, एक तृतीयांश घेरा तरी. मास्तर गुडघ्यांवर बसला. त्यानं विटेला कान लावला. आत काहीतरी कुरकुरलं.

कुरकुरलं, का त्याला तसं वाटलं? हाच तर प्रश्न होता. अकरा वर्षांपूर्वीचा मास्तर तिथल्या तिथे ओरडला असता, ‘भट्टी बंद!’ हा मास्तर शिडीवरून हळूच उतरला. गवंडी बाहेरगावी होता, शनिवारी येणार होता. मालकांना सांगावं, तर मालकांच्या केबिनबाहेर कारकुनाचं टेबल. कारकुनाला कळलं की दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कारखान्याला कळणार. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. घरून वाटीत खळ करून आणली, मुलीच्या जुन्या वहीच्या कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, आणि सगळे जेवायला बसले असताना वर चढून त्या भेगेवर आडव्या चिकटवल्या. भेग वाढत असेल तर कागद फाटेल. ही भट्टीवाल्यांची जुनी युक्ती. नाही फाटला तर प्रश्नच मिटला, आणि मास्तर घाबरला होता हेही कुणाला कळायचं नाही.

बुधवारी दुपारी तो वर गेला. तिन्ही कागद फाटले होते, बरोबर भेगेवरून, पट्टी ठेवून फाडावेत तसे.

भट्टी गार झाली होती. गार भट्टीत भेग वाढते याचा अर्थ जाळामुळे नाही, घुमटच सुटतोय. आणि उद्या सकाळी साडेआठला सहा बायका त्याच्या खाली जाऊन रचायला लागणार होत्या. तो उतरला आणि तडक मालकांच्या केबिनकडे निघाला. दारापर्यंत पोचला. कारकुनानं मान वर केली. “या मास्तर! काय भविष्य?”

मास्तराच्या तोंडून निघालं, “काही नाही. खडू संपलेत.”

खडूचा डबा घेऊन तो परत आला. रस्त्यानं चालताना तो डबा हातात खुळखुळत होता आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटत होती, की कुणी समोर आलं की तो वाट बदलायचा. तरी मनात एक घोकणं चालूच होतं. समजा बोललो. समजा भट्टी बंद केली, ऑर्डर रखडली, आणि घुमट जागच्या जागी राहिला. मग? एकदा हसलेली माणसं दुसऱ्यांदा कशी हसतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. त्यापेक्षा घुमट राहील. इतकी वर्षं राहिलाय. राहील बहुतेक.

पण ‘बहुतेक’वर स्वतःची पोर कोण पाठवील?

गुरुवारी सकाळी मुलगी डबा भरत होती. मास्तर चहाचा कप हातात धरून म्हणाला, “आज सुट्टी टाक. आईला दवाखान्यात घेऊन जा. गुडघा दाखवायचाय ना.”

बायको ओट्याशी होती. “अहो, माझा नंबर पुढच्या गुरुवारचा आहे. कागदावर लिहिलंय की.”

“मग मावशीकडे जाऊन या.”

“मावशीकडे? गुरुवारी? कामाच्या दिवशी?” बायको वळून बघायला लागली.

मुलगी डब्याचं झाकण लावता लावता थांबली. चळती रचणाऱ्या माणसाला कुठला डबा कुठे कलतोय ते लांबून कळतं. “बाबा, सोमवारी खळ कशाला केली होती तुम्ही?”

त्यानं चहाचा घोट घेतला.

“दोन नंबरला काय झालंय?”

“काही नाही. असंच. एक भेग आहे. नक्की काही सांगता येत नाही.”

“घुमटाला?”

“नक्की नाही गं.”

“माझ्यापुरतं नक्की आहे, असं ना?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “आणि आक्का? आणि बाकीच्या चौघी?”

मास्तरानं कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसला नाही. “मी बोललो आणि काही झालं नाही, तर लोक…” स्वयंपाकघरात दोघी त्याच्याकडे बघत होत्या. बायकोच्या चेहऱ्यावर आता भीती उतरली होती.

मुलीनं डबा पिशवीत टाकला. “मी जाते. माझी जागा आत आहे, मी आत जाऊन उभी राहणार. तुम्हाला जे काही सांगायचं असेल ते तिथे येऊन सांगा.” बायको “अगं, थांब” म्हणेपर्यंत ती सायकलवर बसून कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

घर ते कारखाना पायी अकरा मिनिटांचा रस्ता. मास्तराला धावता येत नव्हतं, वय साठीला टेकलेलं. शाळेजवळ ट्रकचं मागचं फळकूट दाणकन आदळलं आणि तो जागच्या जागी थिजला. नाही, ट्रकच होता. पुढे कुणी गॅलरीतून गादी झटकली. तेवढ्या आवाजानंही तो पुन्हा थबकला. तो मनातल्या मनात पोरीशी बोलत होता, अगं, आज स्टुलावर चढू नकोस, निदान मी येईपर्यंत दाराशी काम कर, एवढं ऐक. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “काय मास्तर, एवढी घाई?” मास्तरानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. फाटकातून त्याला दोन नंबरचं धुराडं दिसलं. सरळ उभं होतं. तेवढ्यानं त्याला रडू यायचं बाकी राहिलं.

भट्टीचं दार म्हणजे माणूस वाकून जाईल एवढी कमान. आत तारेला बल्ब लटकावला होता आणि बायकांचे आवाज येत होते. मास्तर दाराशी पोचला, त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडायचं कसं? घुमटाखाली ओरडलं की आवाज दसपट होऊन घुमतो. त्या आवाजानंच वीट हलली तर? हा विचार बरोबर होता का वेड्यासारखा, ते तपासायला त्याला वेळ नव्हता. तो वाकला आणि आत शिरला.

आक्का दाराजवळच होती. ती या सहा जणींची मुकादम, पंचवीस वर्षं डबे उचलून तिचे दंड पैलवानासारखे झालेले. आणि अगदी पलीकडे, भिंतीलगत, स्टुलावर मुलगी उभी होती. दोन्ही हात वर, डोकं घुमटाला टेकायला वीतभर कमी. तिनं बापाला पाहिलं, पण ती खाली उतरली नाही. डबा नीट बसवून तिनं दुसऱ्यासाठी हात खाली केला.

“आक्का,” मास्तर कुजबुजला, “सगळ्यांना बाहेर काढा. हळू.”

“काय?” आक्का खणखणीत आवाजात म्हणाली.

मास्तरानं डोळे मिटून घेतले. काही पडलं नाही. “हळू बोला, पाया पडतो. हातातलं ठेवा आणि एकेक करून चला.”

आक्कानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग वर पाहिलं. बायका एकेक करून बाहेर आल्या. त्यातल्या एकीला हसू फुटत होतं, तिनं पदर तोंडात धरला होता. मुलगी सगळ्यात शेवटी आली. ती दाराबाहेर पडेपर्यंत मास्तर आत घुमटाखाली उभा होता, आणि बाहेर आल्यावर त्याचा सदरा पाठीला पूर्ण चिकटला होता.

आता बोलणं भाग होतं. माणसं जमायला लागली. मालक आले, म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा, आणि त्याच्या मागे अर्थात कारकून. मास्तर म्हणाला, “घुमट सुटतोय. आज-उद्यात खाली येईल. आत कुणी जायचं नाही.”

“आज-उद्यात?” मालकांनी विचारलं. “नक्की?”

“नक्की.” अकरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून ‘नाही’ न जोडता पहिल्यांदा निघाला होता.

“मास्तर, मग पाटीवर येऊ द्या की,” कारकून म्हणाला. काही जण हसले. मास्तरानं खिशातून खडू काढला आणि पाटीवर लिहिलं: घुमट पडणार, शनिवारच्या आत. खाली सहीसुद्धा केली. मालकांनी कपाळाला हात लावला आणि शनिवारपर्यंत भट्टीला कुलूप घातलं.

ते दोन दिवस मास्तरानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. भट्टीसमोर एका उलट्या डब्यावर तो बसून राहायचा. येणारा-जाणारा विचारायचा, “पडला का?” जेवणाच्या सुट्टीत पोरं धुराड्याकडे बघत ‘एक, दोन, साडेमाडे…’ म्हणायची. शुक्रवारी संध्याकाळी कारखाना सुटायच्या सुमाराला त्याच्या लक्षात आलं, की आपण मनात काहीतरी पुटपुटतोय. कान देऊन ऐकल्यासारखं त्यानं स्वतःचं ऐकलं. तो म्हणत होता, पड. पड एकदाचा. पड रे बाबा.

तो ताडकन उठला. काल सकाळी जो घुमट पडू नये म्हणून तो मरत होता, तोच पडावा म्हणून आज तो धावा करत होता, आणि कशासाठी, तर चार लोकांनी हसू नये म्हणून. कालच्या भीतीहून ही भीती वाईट होती. काल तो विटांना भ्याला होता.

घुमट पडला नाही. शनिवारी गवंडी आला, वर चढला, भेगेत खिळा घालून पाहिला, हातोडीनं ठोकून पाहिलं, आणि कागदाच्या फाटक्या पट्ट्या घेऊन खाली उतरला.

“हे कधी चिकटवलंत, मास्तर?”

“सोमवारी.”

“विटा ऊन होत्या?”

मास्तराला उत्तर द्यायच्या आधीच कळलं.

“ऊन विटेवर ओली खळ,” गवंडी जमलेल्यांना समजावून सांगू लागला, “म्हणजे कागद तव्यावर घातल्यासारखा तडकन वाळतो, आवळतो आणि आपला आपण फाटतो. भेग हलायलाच नको. शिकाऊ माणूस करतो ही चूक. मास्तर, तुम्ही?” त्याला खरंच नवल वाटलं होतं, तो काही टोमणा मारत नव्हता. “भेग आहे, बुजवू. हा घुमट अजून दहा वर्षं हलत नाही.”

हशा झाला तो कारखान्याच्या फाटकाबाहेर ऐकू गेला म्हणतात. कारकून पाटीपाशी गेला, मास्तराच्या अक्षरांखाली त्यानं दोन शून्यं काढली आणि म्हणाला, “जोडी जमली!” संध्याकाळपर्यंत बाजारात ‘डबल शून्य’ हा शब्द आला होता.

पण एक गंमत झाली. सोमवारी मालकांनी भट्टी भरायला घ्या म्हटलं, आणि आक्का म्हणाली, “आम्ही त्या घुमटाखाली जात नाही.” मालक म्हणाले, “अहो, गवंड्यानं सांगितलं ना? तुम्ही स्वतः हसत होतात शनिवारी!” आक्का म्हणाली, “हसायला काय जातंय? हसले बाहेर उभी राहून. आत जायचं म्हटलं की मला मास्तरांचं ते तोंड दिसतं.” बाकीच्या पाच जणींनी डबे खाली ठेवले. दोन दिवस वाद झाला आणि शेवटी मालकांनी वैतागून घुमट उतरवून नवा बांधायला सांगितलं. जुना घुमट उतरवायला गवंड्याला आणि त्याच्या दोन माणसांना दीड दिवस घण मारावे लागले, इतका तो भक्कम होता. प्रत्येक घणाला कुणी ना कुणी मास्तराकडे बघून हसत होतं.

त्या दिवशी घरी जेवताना मुलगी म्हणाली, “बाबा, मी हट्टानं गेले नसते, तर तुम्ही आला असतात?”

मास्तरानं घास खाली ठेवला. खोटं बोलायची संधी होती, बायकोही मान हलवून तसंच सुचवत होती. “नसतो आलो,” तो म्हणाला. “तुला घरी ठेवलं असतं. त्या पाच जणींना जाऊ दिलं असतं.”

“आक्कांना माहीत आहे?”

“नाही.”

मुलीनं त्याच्या ताटात वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मास्तर आक्कासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं: बुधवारी कागद फाटले तेव्हाच मला वाटलं होतं की घुमट येणार, मी खडू आणायला आलो असं खोटं बोललो, आणि सकाळी फक्त माझ्या मुलीला अडवलं. आक्का आधी हसत ऐकत होती. मग तिनं कप खाली ठेवला. “माझ्याही घरी दोन आहेत, मास्तर,” ती म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर पंधरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. डबा द्यायचा झाला तरी दुसरीच्या हातून द्यायची. बाजारातलं हसणं मास्तराला आता सवयीचं झालं होतं, पण हे त्याला सोसेना.

तिसऱ्या आठवड्यात नवा घुमट तयार झाला. गवंड्यानं वर उभं राहून उड्या मारून दाखवल्या आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “शंभर वर्षं!” कारकुनानं ते ताबडतोब टिपून ठेवलं. सकाळी साडेआठला सहा जणी डोक्याला फडकी बांधून दाराशी आल्या आणि उभ्या राहिल्या. आत कुणी जाईना.

“चला की,” मालक म्हणाले.

आक्का मास्तराकडे वळली. पंधरा दिवसांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. “मास्तर, सांगा.”

“मी काय सांगणार, आक्का? गवंड्यानं सांगितलंय.”

“त्याचं ऐकलं. त्याची कुणी आत जात नाहीये.” तिच्या आवाजात राग होता, तो गेला नव्हता. “तुमची पोरगी आत जाणार आहे. आम्ही पाच जणी जाणार आहोत. या खेपेला सहा जणींचं एकत्र सांगा.”

मागे कुणीतरी खुसखुसलं, “तिसरं शून्य!” आक्कानं वळून पाहिलं आणि तो आवाज गप्प झाला.

मास्तर वाकून आत गेला. बल्ब हातात धरून त्यानं सगळा घेरा पाहिला, विटेवर वीट, सांध्यावर सांधा. जिथे मुलीचं स्टूल असतं तिथे तो बराच वेळ वर बघत उभा राहिला. सगळं ठीक होतं. सगळं ठीक दिसत होतं. त्या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे ते त्या भट्टीत त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. गवंड्याचं शंभर वर्षं म्हणताना काहीच गेलं नव्हतं. मास्तराला फक्त दुपारपर्यंतचं म्हणायचं होतं, आणि तेच जड जात होतं.

तो बाहेर आला. सहा चेहरे त्याच्याकडे लागले होते, त्यातला एक त्याच्या मुलीचा. ती घाबरली होती; त्या गुरुवारी घाबरली नव्हती, आज घाबरली होती.

“जा,” मास्तर म्हणाला.

आक्का आत गेली. तिच्यामागून एकेक करून सगळ्या गेल्या, आणि मुलगी शेवटी, कारण तिची जागा सगळ्यात आत. मालक गेले, गवंडी गेला, बघे पांगले. मास्तर दाराच्या कमानीला हात लावून उभा राहिला. चहा आला, त्यानं घेतला नाही. कारकून काहीतरी बोलून गेला, ते त्याला ऐकू आलं नाही; त्याचे कान आत होते, डब्यावर डबा बसल्याच्या आवाजाकडे. साडेबाराची घंटा झाली आणि बायका बाहेर यायला लागल्या. तो मोजत होता. आक्का, मग दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. मग बराच वेळ कुणी आलं नाही, आणि मग मुलगी हात झटकत बाहेर आली.

तेव्हा कुठे मास्तर खाली बसला. आक्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “जेवून घ्या. दोन वाजता परत सांगायचंय.”